रुसूबाईचा कप्पा

“आधी मागे जा, मग वर ये, मग रुसवा सोड आणि बाहेर ये.”

हा आवाज बाबांचा. पण आत्ताच्या बाबांचा नव्हे, सत्तेचाळीस वर्षांपूर्वीच्या बाबांचा. तेव्हा तो पिंजलेल्या कापसासारखा मऊ होता. थोरली नऊ वर्षांची होती, तिजोरीपुढे चवड्यांवर उभी होती आणि तिच्या इवल्या बोटांवर बाबांची बोटं होती. तिजोरीत डाव्या हाताला एक कप्पा होता, तो कुणालाच दाद देत नसे. जितका ओढावा तितका घट्ट बसे. म्हणून घरात त्याचं नाव पडलं रुसूबाई. बाबा घड्याळजी, अडलेल्या वस्तूचं मन ओळखणं हाच त्यांचा धंदा. कप्पा अंगठ्याने आधी आत दाबायचा, तर्जनीने खालून केसभर उचलायचा आणि मग ओढायचा नाही, नुसता बोलवायचा. ही युक्ती त्यांनी शोधली आणि आख्ख्या घरात एकट्या थोरलीच्या बोटांत उतरवली. आईला ती जमली नाही. धाकट्याला तर नाहीच. एकदा त्याने ओढाओढ करून नख उलटं करून घेतलं आणि दिवसभर भोकाड पसरलं होतं.

आज ती तिजोरी घरातून जायची होती. म्हणजे जायची उद्या सकाळी, लॉरीतून, भंगारवाल्याकडे. आज नुसती तयारी. घर विकलं गेलं होतं. बाबांची रवानगी धाकट्याच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरी होणार होती. तिथे बाबांना एक खोली, आणि थोरलीला बाबांच्या खोलीत एक खाट. तिजोरीला मात्र तिथे जागा नव्हती. जमिनीला झेपणार नाही, असं धाकटा म्हणाला होता.

सकाळपासून थोरलीच्या हातातली प्रत्येक वस्तू आवाज करत होती. पातेलं ओट्यावर ठेवलं तरी ते आदळल्यासारखं वाजे. झाडू मारला तरी तो कुणाला तरी मारल्यासारखा वाटे. राग कशाचा म्हणून विचारलं असतं तर तिने पाच कारणं सांगितली असती, आणि पाचही खोटी ठरली असती. खरं कारण एकच होतं आणि ते बत्तीस वर्षं जुनं होतं. उद्या तिजोरी गेली की त्याचा शेवटचा साक्षीदारही जाणार होता.

तिजोरी हलवणारे तिघे नऊ वाजता आले. त्यांच्या मुकादमाला सगळे काडी म्हणत, आणि बघताक्षणीच का ते कळे. वाऱ्याने उडून जाईल असा माणूस, आणि धंदा मणामणाची लोखंडं हलवायचा. थोरलीने त्याला नखशिखांत न्याहाळलं आणि विचारलं, ही तुम्ही उचलणार?

“उचलतो तो मरतो, ताई,” काडी म्हणाला. “आम्ही उचलत नाही. आम्ही तिला पटवतो.”

आणि खरोखरच तो पटवायला बसला. तिजोरीभोवती दोनदा फिरला, तिच्या पाठीशी हात घालून पाहिला, फीत काढून उंची, रुंदी, खोली मोजली आणि भिंतीवरच पेन्सिलीने आकडे लिहिले. थोरलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. भिंत उद्यापासून आपली नाही हे तिला ठाऊक होतं, पण आज तरी होती ना? मग तो दाराकडे वळला. दार निघालं तिजोरीपेक्षा चार बोटं अरुंद. धाकट्याने कपाळाला हात लावला. मग ही आत आली कशी, असं तो विचारू लागला. थोरलीने कोरडेपणाने सांगितलं की तिजोरी आधी आली आणि ही भिंत नंतर उभी राहिली; तेव्हा तू पाळण्यात होतास आणि मी विटा मोजत होते. काडी हसला. त्याला अशी घरं नवी नव्हती. चौकट काढावी लागेल, उंबरठाही फोडावा लागेल, असं त्याने निर्विकारपणे सांगितलं. जसा न्हावी सांगतो की कानामागचे केसही घ्यावे लागतील.

मग फरशी. त्याचा एक माणूस गुडघ्यांवर बसून हातोडीच्या दांड्याने एकेक फरशी ठोकत निघाला. भरीव वाजली की पुढे, पोकळ वाजली की खडूची फुली. खोलीभर टकटक, टकटक. या घराने एके काळी शंभर घड्याळांची टिकटिक ऐकली होती, आज ही ऐकत होतं. पोकळ फरशांवर लोखंडी पत्रे अंथरायचे ठरले, त्यावर फळ्या, फळ्यांवर पाइपांचे तुकडे, आणि त्यावरून तिजोरी इंच इंच सरकवत दारापर्यंत न्यायची. दाराशी ओढायला साखळीची चेनकप्पी. दुसरा माणूस चौकटीला पहार लावून उभा राहिला. पहिला खिळा करकरत बाहेर आला तेव्हा थोरलीने स्वयंपाकघराच्या दारात येऊन फणकाऱ्याने विचारलं की घर पाडायचं कंत्राटही तुम्हालाच दिलंय का. उत्तर पहारीने दिलं.

धाकटा मध्ये मध्ये नाचत होता. इकडून धरा, तिकडून सांभाळा. काडीने त्याला दोनदा गोडीत बाजूला केलं. तिसऱ्या वेळी म्हणाला, साहेब, तुम्ही इथे उभे राहिलात तर वजनात तुम्हालाही धरावं लागेल. धाकटा बावन्न वर्षांचा, पोट पुढे, चष्मा कपाळावर. बाबांचं दुकान त्याच्याकडे आलं त्याला आता पंचवीस वर्षं झाली होती. घड्याळं केव्हाच गेली. आता तिथे मोबाइलची कव्हरं टांगलेली असत, चार्जर असत आणि बॅटऱ्या. घड्याळ उघडायचं म्हटलं तर धाकट्याला झाकण कुठून निघतं हे शोधावं लागे.

आणि थोरली?

थोरलीच्या हातात घड्याळ बोलायचं. विसाव्या वर्षी ती डोळ्याला भिंग लावून, श्वास धरून, केसाएवढी स्प्रिंग चिमट्यात पकडायची आणि ती थरथरायचीसुद्धा नाही. गिऱ्हाइकं आधी बिचकली, मग सवयीने तिच्याचसाठी थांबू लागली. “बाबा नकोत, तुम्हीच बघा” असं कुणी म्हटलं की बाबा खोटंखोटं रागवायचे आणि त्या दिवशी दोन घास जास्त जेवायचे. तिचं स्टूल त्यांच्या स्टुलाशेजारी. दोन भिंगं, दोन पाठी, एक दिवा.

चोविसाव्या वर्षी एक डॉक्टर सोन्याच्या पट्ट्याचं घड्याळ घेऊन आले. त्यांच्या वडिलांचं होतं, नऊ वर्षं बंद पडलेलं. थोरलीने ते तीन दिवसांत चालू केलं. संध्याकाळी पुसून, कापडात गुंडाळून, रुसूबाईत ठेवलं. एक दिवस गेला. त्याच्या दुसऱ्या सकाळी डॉक्टर घ्यायला आले तेव्हा कापड होतं, घड्याळ नव्हतं.

तिजोरीची किल्ली तेव्हा दाराजवळच्या खिळ्याला असायची; ती कुणाच्याही हाताला लागावी. पण रुसूबाई? तिच्या कडेला ओरखडा नव्हता, पहार नव्हती, चाकू नव्हता. तिला कुणीतरी बोलवलं होतं आणि ती शहाण्यासारखी बाहेर आली होती. तिला बोलवू शकणारी माणसं जगात दोन. त्यांतल्या एकाने स्वतःच्या मनगटावरचं घड्याळ काढून डॉक्टरांपुढे ठेवलं आणि मान खाली घातली.

बाबा ओरडले नाहीत. शोधाशोध केली नाही, दम दिला नाही, शपथ घातली नाही. दुसऱ्या दिवशी खिळ्यावर किल्ली नव्हती आणि टेबलाशी एकच स्टूल होतं. “उद्यापासून तू आत आईला मदत कर,” एवढंच ते म्हणाले. तेही तिच्याकडे न बघता, कुणाच्या तरी बंद घड्याळाकडे बघत. त्यांनी तिजोरी बंद केली, किल्ली स्वतःच्या आतल्या खिशात टाकली आणि पुन्हा तिला हात लावला नाही. दुकानासाठी नवं लोखंडी कपाट आलं.

थोरली वाट बघत राहिली. आज विचारतील, उद्या विचारतील. त्यांनी नुसतं “तू घेतलंस का गं” म्हटलं असतं तर तिने एका शब्दात सांगितलं असतं. पण न विचारता सांगायचं म्हणजे आळ उचलून आपल्याच अंगावर पांघरायचा. तो तिला पांघरायचा नव्हता. बघता बघता आठवड्यांचे महिने झाले, महिन्यांची वर्षं झाली. आई गेली. लग्नाचं बोलणं दोनदा निघालं, दोनदा विरलं. बाबा थकले तसं त्यांचं जेवण, औषधं, आंघोळ सगळं तिच्याकडे आलं. रोज ती त्यांना भात कालवून देई आणि रोज तो एक शब्द गिळी. गिळलेला शब्द पोटात जिरत नाही. तो तिथेच बसतो आणि लोखंडासारखा गंजतो, वजनाला मात्र कमी होत नाही.

“साहेब, आतून रिकामी करा,” काडीने हाक दिली. “पाठीवर झोपवली आणि आत काही हललं, तर दार आतून अडकेल. मग आमच्या आज्यालाही उघडायची नाही.”

किल्ली बाबांकडे होती. बाबा बाहेरच्या खोलीत खिडकीपाशी खुर्चीत बसले होते, शहाऐंशी वर्षांचे, शाल पांघरून. आतल्या खिशातून किल्ली काढायला त्यांना बराच वेळ लागला. थोरली समोर उभी होती. तिने हातही पुढे केला होता, तो का केला ते तिचं तिलाच ठाऊक. बाबांनी किल्ली तिच्या हातावरून पुढे नेली आणि धाकट्याच्या हातात ठेवली.

थोरलीने हात मागे घेतला आणि पदराला पुसला. ती वळली आणि चहा ठेवायला गेली. गॅस पेटवताना तीन काड्या मोडल्या.

चहाचा ट्रे घेऊन ती आली तेव्हा तिजोरी उघडी होती. जुने कागद खोक्यात गेले होते, वरचे दोन कप्पे काढून भिंतीशी टेकवले होते. राहिली होती रुसूबाई. काडीने कप्प्याची कडी धरून ओढली. काही नाही. दोन्ही हातांनी ओढली. त्याच्या माणसाने ओढली. काडीने मागे होऊन घाम पुसला, आणि गंजला असेल, तोडू या म्हणत हात मागे करून पहार मागितली.

“ओढू नका हो, तोडताय काय,” धाकटा घाईने म्हणाला. “अंगठ्याने आधी आत दाबा. आता खालून जरासं उचला. हं. आता नुसतं बोटाने, अलगद.”

रुसूबाई बाहेर आली. आत काही नव्हतं. विटलेली मखमल, आणि मखमलीवर एक गोल ठसा.

काडी कौतुकाने म्हणाला की वा साहेब, तुम्हीही पटवणाऱ्यांतलेच निघालात. धाकटा हसला. मग त्याचं हसू अर्ध्यावर थांबलं, कारण दारात, जिथे आता चौकट नव्हती, तिथे थोरली उभी होती.  

तिने ट्रे फरशीवर ठेवला, एका खडूच्या फुलीवर. चहा घ्या, असं काडीला शांतपणे सांगितलं. मग धाकट्याला म्हणाली, जरा आत ये.

स्वयंपाकघरात धाकट्याने आधी मला कसलं काय माहीत म्हणून पाहिलं. लहानपणी पडद्याआडून बघायचो, तुम्ही दोघं खेळल्यासारखं करायचात, मला कधी बोलावलं नाहीत, असं सांगून पाहिलं. थोरली नुसती बघत राहिली. बघता बघता त्याच्या कपाळावरचा चष्मा घसरून नाकावर आला, आणि मग सगळंच घसरलं. मित्राचं लग्न होतं. एका रात्रीपुरतं मिरवायला नेलं होतं, सकाळी परत ठेवणार होता. नाचताना पट्टा सुटला की कुणी काढून घेतलं, त्याला आजवर कळलं नाही. तो वीस वर्षांचा होता. घाबरला. मग बाबा काहीच बोलले नाहीत, तूही काही बोलली नाहीस, तेव्हा त्याला वाटलं की मिटलं.

“मिटलं?” थोरली म्हणाली. “माझं स्टूल कुठं गेलं ते बघितलंस तू. रोज बघितलंस. त्याच टेबलावर बसून बघितलंस.”

धाकट्याने आवाज खाली आणला. बाहेरचे ऐकतील, म्हणाला. झालं ते झालं. “आणि आता कशाला, ताई? ते नव्वदीला टेकलेत. त्यांचा जीव कशाला जाळायचा? आणि तुला तरी काय कमी पडलं? घरातच तर होतीस.”

घरातच तर होतीस.

सकाळपासून वाजणाऱ्या थोरलीच्या हातांचा आवाज तेवढ्याने थांबला. तिने हातातलं फडकं घडी करून ओट्यावर ठेवलं. या माणसावर ओरडण्यात अर्थ नव्हता. तो ओरडण्याच्याही लायकीचा नव्हता. तिचा राग त्याच्यासाठी साठवलेला नव्हताच. तो दुसऱ्याच्या नावचा होता, आणि त्या नावाच्या माणसापर्यंत पोचवायला हातात एवढीच सकाळ होती. उद्या त्या परक्या घरात, धाकट्याच्या छताखाली, त्याच्या बायकोपोरांत, हा शब्द तिच्या तोंडून निघणार नव्हता हे तिला कळून चुकलं. तो याच भिंतींच्या आत निघायला हवा होता.

धाकटा दारात आडवा झाला. तिने त्याला हात लावला नाही. नुसती चालत राहिली, आणि त्याला बाजूला व्हावं लागलं.

बाबा खिडकीबाहेर बघत होते. ती त्यांच्या खुर्चीशी गुडघ्यांवर बसली.

“बाबा, ते घड्याळ मी घेतलं नव्हतं.”

बाबांनी मान वळवली. त्यांच्या कानात यंत्र होतं, पण त्याची बॅटरी महिन्याभरापूर्वीच संपली होती. धाकटा रोज उद्या आणतो म्हणे. दुकानात बॅटऱ्यांच्या माळा लटकत होत्या आणि बाप बहिरा बसला होता.

“घड्याळ ना?” बाबा म्हणाले. “बंद पडलं असेल. किल्ली दे त्याला.”

मागून धाकट्याचा आवाज आला की बघ, त्यांना ऐकूसुद्धा येत नाही, सोड ना. थोरली उठून उभी राहिली. जन्मात ती त्या घरात मोठ्याने बोलली नव्हती. घड्याळं दुरुस्त होतात तिथे कुणी मोठ्याने बोलत नाही. तिने पोटातून आवाज काढला.

“डॉक्टरांचं घड्याळ, बाबा. सोन्याच्या पट्ट्याचं.”

चहाचे घोट थांबले.  उघड्या पडलेल्या दाराच्या भगदाडातून काडी आणि त्याची दोन माणसं हातात कप घेऊन बघत राहिली. समोरच्या घराची खिडकी उघडली. बाबांच्या मांडीवर त्यांचा उजवा हात होता. त्याचा अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर फिरत असत, न दिसणाऱ्या घड्याळाला किल्ली दिल्यासारखी. ती बोटं जागच्या जागी थांबली. बाबांनी वर पाहिलं. बत्तीस वर्षांत प्रथमच त्यांनी सरळ तिच्याकडे पाहिलं, आणि त्यांच्या डोळ्यांत बहिरेपण नव्हतं.

“मी घेतलं नव्हतं,” थोरली ओरडली. घर घुमलं, गल्ली घुमली. “कुणी घेतलं ते आज कळलं मला, तुम्ही त्यालाच विचारा. पण बत्तीस वर्षं मी थांबले, की तुम्ही मला विचाराल. रोज तुमच्यापुढे ताट ठेवताना थांबले. एकदा विचारायचं होतंत, बाबा. चोर म्हणून का होईना, विचारायचं होतंत. तुम्ही मला विचारलंच नाहीत.”